लॉगबुकमधलं ते 'रिफ्लेक्शन'चं पान आलं कुठून?

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची पोरं दर वर्षी विचारतात, सर लॉगबुकमध्ये, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, हे रिफ्लेक्शन म्हणजे नेमकं काय लिहायचं आणि कशाला, म्हणून थोडं मागचं सांगतो.

हे पान आलं पोर्टफोलिओतून. पोर्टफोलिओ मुळात चित्रकार, आर्किटेक्ट लोकांचा, स्वतःचं काम फाइलमध्ये घालून दाखवायचं. १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन या अमेरिकन विचारवंताने मांडलं की मुरलेला माणूस नुसतं पुस्तकातलं लावत नाही, काम करताना आणि झाल्यावरही आपण काय केलं ते तपासत राहतो, हेच रिफ्लेक्शन, आणि हे डॉक्टरकीला बरोब्बर लागू पडलं कारण पेशंट कधी पुस्तकातल्यासारखा येतच नाही. मग १९९३ मध्ये डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलने मेडिकल कॉलेजांना पाठांतराचं ओझं कमी करा म्हणून सांगितलं, आणि त्याच दशकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मेडिकल स्कूलने पोर्टफोलिओ थेट फायनलच्या परीक्षेत आणला. परीक्षकांनी तो आधी वाचायचा आणि मग विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलायचं. माझ्या मते सगळा जीव या बोलण्यातच आहे.

कारण आपलं लिहिलेलं आपल्याविरुद्ध वापरलं जाणार नाही हा विश्वास नसेल तर काय होतं तेही ब्रिटनमध्येच दिसलं. २०११ मध्ये लेस्टरला एक सहा वर्षांचा मुलगा दगावला, ट्रेनी डॉक्टरवर खटला झाला, २०१८ च्या जानेवारीत तिचं रजिस्ट्रेशनच गेलं (ऑगस्टमध्ये कोर्टाने तो निर्णय फिरवला). तिने ई-पोर्टफोलिओत लिहिलेलं ज्युरीपुढे आलंच नव्हतं, तरी मनापासून लिहिलेलं आपल्यावरच उलटेल या धास्तीने कितीतरी ज्युनियर डॉक्टरांनी हात आखडता घेतला.

त्याच २०१८ मध्ये आपल्या तेव्हाच्या मेडिकल काउन्सिलने एमबीबीएसचा नवा करिक्युलम आणि एटकॉम (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) आणलं, २०१९ च्या बॅचपासून लागू झालं. त्यात पहिल्याच वर्षी 'कॅडॅव्हर (डिसेक्शनसाठीचा मृतदेह) आपला पहिला शिक्षक' असं मोड्यूल आहे, अठरा वर्षांच्या पोराने डिसेक्शन हॉलमधून बाहेर आल्यावर काय वाटलं ते लिहावं यासाठी याहून चांगली जागा नाही! पण दीडशे-दोनशेची बॅच, शिक्षक मोजके, मग सिनियरच्या लॉगबुकमधून उतरवणं आणि टर्म संपताना गठ्ठ्याने सह्या. पोरांना तरी काय बोलणार, वाचणारच कोणी नसेल तर खरं कोण लिहील.

मी माझ्या वाट्याच्या वह्यांत सहीच्या वर निदान एक प्रश्न लिहितो. पुढच्या वेळी काहीजण त्याचं उत्तर लिहून आणतात.