ग्नूकॅशमधील चुकलेली बँक जुळवणी सोडवणे

ग्नूकॅश ही घरगुती व छोट्या व्यवसायाच्या हिशोबासाठी वापरली जाणारी मुक्त संगणकप्रणाली. तिची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ मध्ये आली. आपली नोंद आणि बँकेचे विवरणपत्र ओळीशी ओळ लावून रुजू घालण्याच्या कामाला ती 'रिकन्साइल' म्हणते. वाणिज्य शाखेतल्या बँक जुळवणी पत्रकाचेच हे पडद्यावरचे रूप. झालेली जुळवणी एका फटक्यात मागे घेणारे बटण मात्र तिच्यात नाही. चूक सोडवायची ती खुणा बदलून.

खातेवहीत 'आर' या अरुंद स्तंभात व्यवहाराच्या प्रत्येक बाजूसमोर एक अक्षर असते: 'एन' म्हणजे न जुळलेली, 'सी' म्हणजे बँकेत वटलेली, 'वाय' म्हणजे विवरणपत्राशी जुळवून पूर्ण केलेली. खूण बाजूची असते, अख्ख्या व्यवहाराची नव्हे. बचत खात्यातून दुसऱ्या बँकेत पाठवलेली रक्कम एकीकडे 'वाय' आणि दुसरीकडे 'एन' असू शकते.

सगळा गुंता एका गोष्टीतून सुटतो. जुळवणीच्या खिडकीतली सुरुवातीची शिल्लक कुठे साठवलेली नसते. त्या खात्यातल्या सर्व 'वाय' नोंदींची ती बेरीज असते. जुनी जुळलेली नोंद पुसली, तिची रक्कम बदलली, किंवा चुकून 'वाय'वर क्लिक होऊन ती 'एन' झाली, की पुढच्या महिन्याचा आरंभच बिघडतो. असे बदल करताना प्रणाली सूचना देते, पण 'पुन्हा विचारू नका' अशी खूण केलेली असेल तर तीही येत नाही. 'ॲक्शन्स' मेनूतील 'रीसेट वॉर्निंग्ज'ने सूचना परत सुरू होतात. हे आधी करावे.

समजा, विवरणपत्रावर आरंभीची शिल्लक ४८,२६० रुपये आहे आणि खिडकीत ४५,७६० दिसते. फरक २,५०० चा. शिल्लक कमी दिसते, म्हणजे २,५०० ची एखादी जमा 'वाय'मधून निसटली, नाहीतर तेवढ्या रकमेचा खर्च जास्तीचा 'वाय' झाला. तसे काही सापडत नसेल तर १,२५० शोधावेत: जमेची रक्कम खर्चाच्या रकान्यात पडली की फरक दुप्पट होतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची उलटापालट तपासावी, जसे ५४० च्या जागी ४५०. औपचारिक नावे-जमा मथळे चालू असतील तर चुकीच्या रकान्याची चूक हमखास होते, कारण पासबुकात जमा दिसणारी रक्कम आपल्या वहीत नावे बाजूला जाते. 'उपखाती धरा' ही खूण मागच्या वेळेपेक्षा वेगळी असली तरीही आरंभीची शिल्लक बदलते.

निसटलेली नोंद सापडली की शेवटच्या पूर्ण झालेल्या विवरणपत्राची तारीख आणि अखेरची शिल्लक, म्हणजे हेच ४८,२६०, देऊन जुळवणी पुन्हा उघडावी. यादीतल्या तेवढ्या एकाच नोंदीवर टिक करावी. फरक शून्यावर येतो आणि 'फिनिश' दाबता येते. नोंद पुसलीच गेली असेल तर मूळ तारखेने ती आधी परत भरावी.

संपूर्ण महिनाच चुकला असेल तर काम वाढते. खातेवहीचा क्रम विवरणपत्राच्या तारखेनुसार लावला की त्या जुळवणीतल्या नोंदी एकत्र येतात. प्रत्येक 'वाय'वर क्लिक करून होकार देत ती 'एन' करावी. हे शेवटच्या महिन्यापासून मागे जात करावे. मार्च सोडवला आणि एप्रिल 'वाय'च ठेवला, तर मार्चच्या आरंभात एप्रिलचे आकडे मिसळतात.

हिशोब एक्सएमएल या फाइल-प्रकारात साठवणाऱ्यांना सोपी वाट आहे: प्रत्येक सेव्हबरोबर आधीची प्रत तारीख-वेळेच्या नावाने राहते, मूळ सेटिंगनुसार ३० दिवस. चूक आजचीच असेल आणि नंतर फारसे काही भरले नसेल, तर ती प्रत उघडणे उत्तम. एसक्यूलाइट या दुसऱ्या साठवण-प्रकारात बदल लगेच लिहिले जातात आणि अशा प्रती बनत नाहीत, म्हणून तिथे जुळवणीपूर्वी फाइलची नक्कल हाताने करावी.

फरकाइतकी समतोल नोंद घालून जुळवणी संपवण्याचा मोह टाळावा. खरी चूक वहीत तशीच राहते, आणि हरवलेली जमा पुढे सापडून भरली की तीच रक्कम दोनदा धरली जाते. फरक लागत नसेल तर 'पोस्टपोन' दाबावे. टिक केलेल्या नोंदी 'सी' म्हणून राहतात आणि काम दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येते.