प्रीफेच आणि प्रीरेंडर: थैली फळीवर की सरकी जमिनीत?

मे संपत आला होता. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. घरात टॉवर धरत नाही, म्हणून भाचा अंगणातल्या निंबाखाली बाज टाकून हवामानाचं पान बघत होता. वरच्या पट्टीत दोन अक्षरं टाकली, दाबलं आणि पान लगेच समोर. “मामाजी, टॉवर तं एकच दांडी दाखवते, मंग हे इतक्या लवकर कसं उघडलं?” मग स्वतःच म्हणाला, “आधीच डाउनलोड करून ठेवलं असन.”

त्याचं अर्धं बरोबर होतं. ब्राउझर पुढचं पान आधीपासून तयार ठेवतो हे खरं. पण त्याचे दोन प्रकार आहेत, प्रीफेच आणि प्रीरेंडर, आणि जाणकारही त्यांची गल्लत करतात. शेतकऱ्याच्या घरात हा फरक समजायला वेळ लागत नाही. पावसाआधी सरकीच्या थैल्या आणून फळीवर ठेवल्या, ते प्रीफेच. पाऊस येईलच या भरवशावर कोरड्या वावरात सरकी टोबून टाकली, म्हणजे धूळपेरणी केली, ते प्रीरेंडर. (एकदा पाहिलेलं पान कॅशेमधून, म्हणजे फोनमध्ये राहिलेल्या जुन्या साठ्यातून, पटकन उघडतं, ती तिसरीच गोष्ट. ते मागच्या हंगामातलं घरचं बियाणं.)

प्रीफेचमध्ये ब्राउझर संभाव्य पानाची मूळ फाइल मागवून ठेवतो, बस. पान मांडत नाही, त्यातला प्रोग्राम चालवत नाही, चित्रंही सहसा आणत नाही. तुम्ही दाबल्यावर सर्व्हरकडची, म्हणजे पान जिथे ठेवलेलं असतं त्या संगणकाकडची, पहिली खेप तेवढी वाचते. जिथे प्रत्येक खेपेला नेट अडखळतं तिथे ही एक खेपही मोलाची आहे. मोझिलाच्या ब्राउझरमध्ये ही सोय २००२ पासून आहे. अंदाज चुकला तर थोडा डेटा गेला, एवढंच. थैली मात्र फार दिवस टिकत नाही: क्रोम अशी आणलेली फाइल पाच मिनिटंच राखून ठेवतो.

प्रीरेंडर याच्या कितीतरी पुढे जातं. ब्राउझर ते पान न दिसणाऱ्या टॅबमध्ये पूर्ण उघडतो. चित्रं येतात, मांडणी होते, पानातला प्रोग्राम (जावास्क्रिप्ट) चालतो. तुम्ही दाबलं की तो लपलेला टॅब फक्त पुढे आणला जातो, म्हणून गोल फिरताना दिसतच नाही. पण अंदाज हुकला तर दुबार पेरणीसारखा खर्च होतो: डेटा, बॅटरी आणि मुख्य म्हणजे रॅम. २०११ मध्ये क्रोमने हे पहिल्यांदा आणलं, तेव्हा ते मेमरी फार खातं म्हणून पुढे गुंडाळावं लागलं. त्या जागी जी सोय आली ती फाइली आणायची, पण चालवत नव्हती. नाव मात्र कोडमध्ये ‘प्रीरेंडर’ हेच राहिलं. माझ्या मते आजच्या गोंधळाचं मूळ बरंचसं इथेच आहे. खरंखुरं प्रीरेंडर क्रोममध्ये नव्या बांधणीने २०२२ मध्ये परत आलं.

या नव्या बांधणीत काळजी घेतलेली दिसते. लपलेलं पान तुमचं लोकेशन किंवा कॅमेरा मागू शकत नाही. अशा परवानग्या पान खरोखर पुढे येईपर्यंत थांबतात. आणि पेरायचं कधी याचंही माप आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग सांगतो ना, तसंच. पट्टीत तुम्ही अक्षरं टाकता तेव्हा क्रोम आधीच्या सवयीवरून अंदाज बांधतो. खात्री ५० टक्क्यांच्या वर गेली तर तो सर्व्हरशी नुसती जोडणी करून ठेवतो. ८० टक्क्यांच्या वर गेली तर प्रीरेंडर करतो. भाचा रोज तेच पान उघडतो, त्यामुळे दोन अक्षरांत खात्री पटली असणार. म्हणजे त्याने पाहिलं ते नुसतं डाउनलोड नव्हतं, सरकी उगवून आली होती.

नुसती थैली आणणं मात्र नेहमीच निर्धोक असतं असं नाही. २००५ मध्ये गूगलचं वेब ॲक्सिलरेटर हे पानं लवकर उघडून देणारं साधन पानावरच्या लिंका आपणहून आधीच मागवायचं. काही वेबसाइटांवर ‘डिलीट’ हीसुद्धा साधी लिंकच होती. ती मागवली गेली आणि लोकांचा मजकूर खरोखर पुसला गेला. म्हणून गावच्या शेतकरी गटाची वेबसाइट करणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे: बाजारभावाच्या पानाला प्रीफेच बिनधास्त लावा, पण लॉगआउट, नोंद रद्द करणं, मागणी नोंदवणं अशा लिंका दोन्हींपासून दूर ठेवा.

आपल्या फोनवर काय करायचं? क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रीलोड पेजेस’ असा पर्याय आहे. त्यात तीन पायऱ्या: बंद, साधं आणि जास्तीचं. डेटा सेव्हर चालू असेल किंवा मेमरी कमी असेल तर क्रोम स्वतःच हात आखडता घेतो, तरी आपण बघून घेतलेलं बरं. भाच्याचा फोन बऱ्यापैकी आहे, रोजचा दीड जीबी त्याला पुरतो. त्याचं साध्यावर ठेवलं. त्याच्या बाबांचा फोन जुना, दोन ॲप उघडली की अडकतो. तिथे मी ते बंद करून दिलं.