‘येतं का?’ विचारून कळत नाही

आजोबा नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, म्हणजे मधुमेहाचं ॲपही त्यांना जमेल, असं सर्रास धरून चाललं जातं. फोन वापरता येणं वेगळं. फोनवरची आरोग्याची माहिती शोधणं, ती पारखणं आणि स्वतःला लावून बघणं वेगळं. हे दुसरं कौशल्य म्हणजे डिजिटल आरोग्य साक्षरता. ते मोजायचं कसं?

जगभर सर्वाधिक वापरली जाते ती ‘ई-हील्स’ ही प्रश्नावली. कॅनडातल्या नॉर्मन आणि स्किनर यांनी ती २००६ मध्ये मांडली. त्यात ‘इंटरनेटवरची चांगली आणि वाईट आरोग्य-माहिती मला ओळखता येते’ अशा धर्तीची आठ विधानं असतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ८ ते ४०. मूळ चाचणी १३ ते २१ वयोगटातल्या ६६४ मुलामुलींवर झाली आणि क्रॉनबाख अल्फा आला ०.८८.

हा अल्फा नीट समजून घ्यायला हवा. विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच तो सांगतो. समजा, आठ विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.५ आहे आणि सगळ्यांचं विचरण (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत ते) सारखं आहे. मग अल्फा = (८ × ०.५) ÷ (१ + ७ × ०.५) = ०.८९. त्याच धाटणीची आणखी आठ विधानं घाला, अल्फा ०.९४ होतो. रुग्णाबद्दल नवं काहीच कळलेलं नसतं! आत्मविश्वास असलेला माणूस सगळीकडे ४-५ देतो, बुजरा माणूस २-३. उत्तरं छान जुळतात, पण मोजला जातो आत्मविश्वास. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये ई-हील्सचे गुण आणि इंटरनेटवर प्रत्यक्ष पार पाडलेली कामं ताडून पाहिली, तेव्हा संबंध फारच कमकुवत निघाला. तिथल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये सात कौशल्यांची २१ प्रश्नांची नवी प्रश्नावली केली आणि तिला करून दाखवायचे सात प्रश्न जोडले.

मधुमेहासाठी असं काम सहज रचता येतं. फोनवर लॅबच्या रिपोर्टची पीडीएफ द्या: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी रक्तचाचणी) ८.२ टक्के आणि खालच्या ओळीत ‘अंदाजे सरासरी साखर १८९’. मागच्या वेळी एचबीए१सी ७.४ होता, हे सांगा. आता विचारा, साखरेचं नियंत्रण सुधारलं की बिघडलं? नंतर एचबीए१सीबद्दल एक विश्वासार्ह पान शोधायला लावा आणि ते का निवडलं, हे विचारा. फाईलच उघडली नाही, तर अडचण हाताळणीची. १८९ ला ‘आजची साखर’ म्हटलं, तर आकलनाची. तो आकडा दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज असतो. ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणणारी जाहिरात निवडली, तर पारखण्याची. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने आपल्याकडे निषिद्ध आहे, तरी ती फोनवर बिनदिक्कत फिरते. तिला भुलून इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं.

गुण देताना ‘स्वतः केलं’, ‘सूचना दिल्यावर केलं’, ‘जमलं नाही’ असे तीनच रकाने ठेवा. मध्येच बोट लावून मदत केली, तर ती नोंदवा. मुलगी किंवा सून उत्तरं भरत असेल, तर ते गुण तिचे असतात. फोन घरात कोण चालवतं, हे आधी विचारून घ्या. आणि सर्वेक्षण ऑनलाइन फॉर्मवर घेऊ नका. ज्यांना लिंक उघडता येत नाही, ते फॉर्मपर्यंत पोचतच नाहीत आणि सरासरी उगाच वर जाते.