एका फोनवर मूल कायमचं जातं?

"अमेरिकेत शेजाऱ्याने एक फोन केला की सरकार मूल कायमचं काढून घेतं," हे आपल्याकडे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. मूल तात्पुरतं हलवणं एका दिवसात होऊ शकतं, आणि तेही काही कमी क्लेशदायक नसतं. पण आईवडिलांचे हक्कच संपवायला वेगळा अर्ज, सुनावणी आणि भक्कम पुरावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी पुराव्याचं पारडं पालकांविरुद्ध जरासं झुकलं तरी भागायचं. १९८२ साली 'सँटॉस्की विरुद्ध क्रेमर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं: पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणाराच हवा. मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांसाठी तर १९७८चा कायदा याहून कडक, फौजदारी खटल्यासारखी वाजवी शंकेपलीकडची सिद्धता मागणारा.

म्हणून पालकांना हवा तेवढा वेळ मिळतो, असंही नाही. १९९७च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२पैकी १५ महिने सरकारी देखभालीत असेल, तर राज्याला हक्क संपवण्याचा अर्ज करावाच लागतो. मूल नातेवाइकांकडे असेल किंवा ठरलेली मदत राज्यानेच दिली नसेल, तर अपवाद करता येतो. पण व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळायची वाट बघणाऱ्या आईचे महिने तोवर मोजले जातच असतात.