लाईट गेली तिथपर्यंतचं गाणं

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी फडताळात एक कॅसेट आहे. तिच्या कागदी पट्टीवर आधी 'डबलबारी' (दोन बुवांचा भजनी सामना) असं लिहिलेलं होतं. माझ्या आतेभावाने ते बॉलपेनने खोडलं आणि वर 'इंडियन ओशन' लिहिलं. दोन्ही गोष्टी अजून वाचता येतात. पुढे कळेलच, पण दोन्ही ऐकताही येतात.

आमच्याकडे तेव्हा नवं संगीत चाकरमान्यांच्या बॅगेतून यायचं. दादा, म्हणजे हा आतेभाऊ, डोंबिवलीचा. गणपतीला आला तेव्हा त्याच्याकडे 'कंदिसा' होता, २००० साली आलेला अल्बम. मी पंधरा वर्षांचा. सिनेमातलं नाही, भजन नाही, नाट्यगीत नाही, तरी गाणं असू शकतं हेच मला नवीन होतं. इंडियन ओशन हा १९९० साली दिल्लीत सुरू झालेला चौघांचा बँड. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, बास गिटार वाजवणाऱ्या राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी केलेली. अरबी समुद्राच्या काठावर बसून इंडियन ओशन ऐकतो आहोत, या दादाच्या विनोदावर मी पुढची दहा वर्षं माझा म्हणून हशे मिळवले.

कोरी कॅसेट घरात नव्हती. काकांच्या भजनाच्या कॅसेटवरच गाणी भरून घ्यायला सुरुवात केली. आजी पडवीत तांदूळ निवडत होती. शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं लागलं. संथ, खर्जातलं, एकही शब्द न कळणारं. आजी सुपावरची मान वर न करता म्हणाली, "ह्यां काय रे? गाणां की गाऱ्हाणां?" आम्ही दोघं फुटलो. (आमच्याकडे देवापुढे मोठ्याने मांडतात त्या विनवणीला गाऱ्हाणं म्हणतात.) खूप वर्षांनी वाचलं, की ते शब्द अरमाईक कुळातल्या सिरियाक भाषेतले, केरळच्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचे. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. म्हणजे गाऱ्हाणंच की! गाऱ्हाणी जन्मभर ऐकलेल्या बाईने एका ओळीत ओळखलं होतं.

त्याच गाण्याच्या मध्यावर लाईट गेली आणि रात्रभर आली नाही. सकाळी दादाची गाडी होती, मूळ कॅसेट त्याच्याबरोबर गेली. माझ्या कॅसेटवर गाणं ऐन भरात आलं की खट्कन तुटतं आणि खालून बुवांचं भजन पखवाजासकट वर येतं.

आता चाळिशी गाठली. फोनवर तेच गाणं अखंड, स्वच्छ, हवं तेव्हा मिळतं. तरी त्या जागेच्या दोन सेकंद आधी माझे कान टवकारतात. का?

शास्त्रज्ञांनी याचे दोन भाग केले आहेत. एक, पंधराव्या वर्षीचंच गाणं का चिकटतं? दुसरा, चिकटतं म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं?

पहिल्यासाठी 'आठवणींचा उंचवटा' ही कल्पना आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या वेळी त्यांचं वय काय होतं याचा आलेख काढला, तर तो सपाट येत नाही. अलीकडच्या आठवणी भरपूर असतात, मधला काळ विरळ असतो, पण साधारण दहा ते तीस या वयात एक फुगवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे नीट मांडलं. आवडीच्या गाण्यांचंही तसंच. १९८९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात हॉलब्रुक आणि शिंडलर यांना आढळलं, की माणूस साधारण चोविशीत असताना गाजत असलेली गाणी त्याला पुढे सर्वांत जास्त आवडतात. २०१८ मध्ये सेथ स्टीव्हन्स-डेविडोविट्झ या अर्थतज्ज्ञाने स्पॉटिफायवरचे ऐकण्याचे आकडे चाळले, तर वय आणखी खाली आलं: पुरुषांसाठी चौदा, बायकांसाठी तेरा. एकाने लोकांना गाणी ऐकवून विचारलं, दुसऱ्याने लोक एकांतात काय लावतात ते पाहिलं, त्यामुळे आकडे जुळले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. मला दुसरा पटतो. माझा पुरावा एका माणसाचा आहे, तो सोडून द्या.

कारणं बरीच सांगतात. मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो. त्या वयात प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा होते आणि पहिल्याची नोंद मेंदू ठळक घेतो. पण मला सर्वांत पटलेलं कारण ब्रिटनमधल्या क्लेअर रॅथबोन यांच्या २००८ च्या कामातलं. त्यांनी लोकांना 'मी अमुक आहे' अशी वाक्यं लिहायला सांगितली आणि त्या वाक्यांशी जोडलेल्या आठवणी मागितल्या. आठवणी जमा झाल्या त्या ते 'मी' जन्माला आलं त्या काळाच्या आसपास. म्हणजे उंचवटा नुसत्या वयाचा नाही, आपण कोण हे ठरत असतानाचा आहे. गावातल्या सगळ्या पोरांना जे गाणं ठाऊक, त्याने 'मी' तयार होत नाही. जे फक्त मला आणि दादाला ठाऊक, त्याने होतं. आडवाटेचा बँड आवडण्यात ही थोडी शिष्टगिरी असतेच. वर्गात मी तो अल्बम कोणाला ऐकवला नाही. विचारलं असतं तरी दिला नसता.

मेंदूच्या आत डोकावलं पीटर जनाटा यांनी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत. २००९ च्या या प्रयोगात १३ विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या आठव्या ते अठराव्या वर्षांत गाजलेल्या गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकवले. गाण्याबरोबर स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं, की कपाळामागचा, मधल्या रेषेलगतचा भाग उजळायचा. आठवण जितकी ठळक, तितका जास्त. 'हे माझ्याबद्दल आहे' असा विचार करतानाही मेंदू हाच भाग वापरतो. गाणं, आठवण आणि 'मी' यांची गाठ बसते ती इथे.

ओळख पटायला लागणारा वेळ तर अचाट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१९ मध्ये दहा जणांना त्यांचं आवडतं गाणं आणि तसंच वाटणारं अनोळखी गाणं यांचे सेकंदाहूनही छोटे तुकडे ऐकवले. ओळखीच्या तुकड्याला डोळ्यांच्या बाहुल्या १०० ते ३०० मिलिसेकंदांत विस्फारल्या. पापणी लवते न लवते तोच, हे इथे शब्दशः खरं. दहाच माणसं होती, तेव्हा आकडा दगडावरची रेघ मानू नये.

आता माझ्या तुटलेल्या गाण्याकडे येतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २००५ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग झाला. ओळखीची गाणी लावली आणि मध्येच दोन ते पाच सेकंद आवाज बंद केला. माणसं म्हणाली, आम्हाला गाणं ऐकू येतच होतं. स्कॅनरनेही तेच दाखवलं: त्या शांततेत मेंदूचा ऐकण्याचा भाग कामात होता. अनोळखी गाण्यात तशीच खिंडारं पाडली, तेव्हा तो इतका जागा राहिला नाही. पुढे २००९ मध्ये अँबर लीव्हर आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडी ऐकवून दोन गाण्यांमधली शांतता तपासली. पुढचं गाणं सुरू होण्याआधीच मेंदूच्या पुढच्या भागात त्याची जुळवाजुळव सुरू झालेली होती. ज्यांनी कॅसेटी झिजवल्या त्यांना हे सांगायला नको. एक गाणं संपलं की पुढच्याचा पहिला सूर घशात तयार असायचा.

म्हणजे मेंदू गाणं ऐकत नाही, गाण्याच्या एक पाऊल पुढे चालतो. आणि या पुढे चालण्याचं त्याला बक्षीस मिळतं. माँट्रियलमध्ये व्हलोरी सलीमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी २०११ मध्ये आठ जणांना अंगावर काटा आणणारं त्यांचं स्वतःचं आवडतं संगीत ऐकवलं. काटा येण्याच्या क्षणी डोपामिन हे रसायन मेंदूच्या एका खोल केंद्रात सुटलं. पण त्याच्या आधी, 'आता येणार, आता येणार' अशा काही सेकंदांत, शेजारच्या दुसऱ्या केंद्रात ते सुटलेलं होतं. म्हणजे वाट पाहण्याचं सुख वेगळं आणि मिळण्याचं वेगळं. माझा मेंदू वाट पाहायला शिकला ती तुटण्याची. फोनवरचं गाणं ती जागा बिनधोक ओलांडतं आणि मला चुकल्यासारखं होतं. बरोबर असलेलं गाणं मला चुकीचं वाटतं!

कॅसेटबद्दल दोन शब्द. ३.८१ मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. तासाभराच्या कॅसेटची एक बाजू ऐकली, की सुमारे ८६ मीटर फीत डोक्यावरून गेलेली असते (डोकं म्हणजे टेपरेकॉर्डरचं हेड, पण आमच्या घरच्यांच्या बाबतीत दुसरा अर्थही खरा). फितीवरचा तपकिरी थर लोहाच्या ऑक्साइडचा. आमच्या अंगणातल्या जांभ्या दगडाला लाली देतात तीही लोहाची ऑक्साइडंच, फक्त अणूंची मांडणी वेगळी, म्हणून जांभ्यावर गाणी भरता येत नाहीत. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरायची, म्हणून बाबा कॅसेटी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचे. भात उकरताना बुवा हाताला लागायचे.

नवं भरताना हेड आधी जुनं पुसतं, मग लिहितं. आठवणींचंही काहीसं असंच आहे, असं २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी दाखवलं. उंदरांना एका आवाजाबरोबर सौम्य शॉक देऊन घाबरायला शिकवलं. ही भीती पक्की झाली. मग आवाज पुन्हा ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूच्या भीतीच्या केंद्रात प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. पुढच्या वेळी उंदीर त्या आवाजाला फारसे दचकेनात. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती शाबूत. म्हणजे पक्की झालेली आठवणही बाहेर काढली की काही काळ ओली होते आणि पुन्हा वाळवून ठेवावी लागते. माणसाच्या रोजच्या आठवणींना हे किती लागू पडतं यावर वाद आहेत. पण ओली असताना तिला काय काय चिकटत असेल, याचा एक नमुना माझ्याकडे आहे.

वर मी गणपतीचं, लाईट जाण्याचं सगळं सांगितलं. मला कौलांवरचा पाऊससुद्धा ऐकू येतो. परवा हे दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणतो, "गणपतीत कुठला? मे महिना होता. फणस खाऊन तुझं पोट बिघडलं होतं." लाईट गेल्याचं त्याला मान्य आहे, वळवाने गेली म्हणतो. आजीचं वाक्य मात्र त्याला अक्षर न् अक्षर पाठ आहे. आता आमच्यातला कोण खरा हे आजीलाच ठाऊक होतं, आणि ती गेली.

या सगळ्याला मराठीत स्मरणरंजन म्हणतात, पण त्याचा इंग्रजी शब्द जन्मला तो आजार म्हणून. १६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरी परतणं आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांची मोट बांधून 'नॉस्टॅल्जिया' केला. रुग्ण होते घरापासून लांब पडलेले स्विस लोक, त्यात भाडोत्री सैनिकही आले. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं आहे, की त्यांच्या पलटणीत गुराख्यांची एक धून वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडायचे, पळून जायचे. स्विस चाकरमानीच म्हणायचे ते. त्यांचा गणपती कोणता होता कोण जाणे.

असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. बातमी वाचली तेव्हा मी पुण्यात होतो आणि त्या रात्री मी ते गाणं फोनवर लावलं नाही, गावी फोन करून बाबांना कॅसेट लावायला सांगितली. त्यांनी रिसीव्हर टेपजवळ धरला. भजन सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, "झालं ना? आता ठेवू?"

कॉर्नेलच्याच (राहुल राम यांचं विद्यापीठ, तो योगायोग) कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना गेल्या पन्नासेक वर्षांतली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, हे अपेक्षितच. पण आईवडील ऐन तारुण्यात असतानाच्या गाण्यांपाशीही उंचवटा आला आणि त्यामागे आजी-आजोबांच्या काळाशी जुळणारा आणखी एक. घरात वाजलेलं पोरांच्या कानात मुरतं.

यंदा मे महिन्यात गावी गेलो होतो. मी आंबे पेंढ्यात लावत होतो, अकरा वर्षांची लेक करंडीला टेकून पुस्तक वाचत होती. मी गुणगुणत होतो, हे तिने बोलल्यावर कळलं.

"बाबा, तू नेहमी इथेच का थांबतोस?"