पफर आणण्याआधीचे सहा आठवडे

काचेच्या टाकीत पाळायला पफर मासा घ्यायला गेलात की किंमत विचारण्याआधी जात विचारा. ‘पफर’ म्हणून दुकानात निदान दोन अगदी वेगळे मासे मिळतात. हिरवट अंगावर काळे ठिपके असलेला ग्रीन स्पॉटेड पफर लहान असताना विकला जातो, पण तो 15 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी त्याला खाडीसारखं निमखारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो काही दिवस तग धरतो, मग खंगत जातो. दुसरा पी पफर. हा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमधला, पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटीमीटरच्या आतबाहेर आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा. सांगलीतल्या पहिल्या टाकीसाठी हाच घ्यावा. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो ‘असुरक्षित’ आहे, त्यामुळे टाकीत पैदास केलेला मिळाला तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

चार-पाच पी पफरना दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी पुरते. काठोकाठ सुमारे 55 लिटर, वाळू घालून थोडी रिकामी ठेवली की 45. काच, वाळू, पाणी मिळून 70 किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा भिंतीतल्या फळीचा मोह नको. फिल्टर एअर पंपावर चालणारा स्पंजचा घ्या. पफर दमदार पोहणारा नाही, जोरदार धारेत तो थकतो. थंडीतल्या रात्रींसाठी 50 वॉटचा हीटर 25 अंशांवर लावा. मे महिन्यात उलटी पंचाईत असते. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून जाळी टाका आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात.

आता खरं काम. सकाळी टाकी भरली आणि संध्याकाळी मासे सोडले, की आठवड्याभरात मासे मरायला लागतात आणि दोष दुकानदाराला जातो. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात, पण सावकाश. चार ते सहा आठवडे धरून चाला.

तोवर या जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा तो अमोनियम क्लोराइडमधून. कल्हईवाला वापरतो तोच हा नवसागर, पण कल्हईच्या मालात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध आणा. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम विरघळवा. त्यातलं 30 मिली 45 लिटरच्या टाकीत घातलं की लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. दर दोन-तीन दिवसांनी थेंबांच्या किटनं तपासा. बहुतेक किटमध्ये अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहिलं म्हणजे शून्य, हिरवं झालं म्हणजे अजून आहे. अमोनिया संपला की पुन्हा 30 मिली. मधल्या आठवड्यांत नायट्राइट भराभर चढतं आणि हलेचना असं वाटतं. तेव्हा डोस निम्मा करा आणि थांबा. ज्या दिवशी पूर्ण डोस दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील, त्या दिवशी टाकी तयार. साठलेलं नायट्रेट काढायला तीन चतुर्थांश पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा.

इथे पाणी कुठलं यावर बरंच ठरतं. साताऱ्यात कासचं पाणी येत असेल तर ते जांभ्याच्या पठारावरचं, हलकं. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची ताकद, खातात. हलक्या पाण्यात ती लवकर संपते, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) साडेसहाच्या खाली घसरतो आणि सगळं अडतं. फिल्टरजवळ मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवला की काम भागतं. मिरज-वाळव्याच्या क्षारपड भागातलं बोअरचं पाणी जड. तिथे पीएच घसरत नाही, पण पीएच 8 ला मुक्त, म्हणजे घातक, अमोनियाचं प्रमाण 7 च्या जवळपास दहापट असतं. तेवढाच अमोनिया तिथे जास्त मारतो. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय ते टाकीत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीन वाढवलेलं असू शकतं. आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. नाहीतर सहा आठवड्यांची वस्ती मोरीत जाते.

नर भांडकुदळ असतात. मोठ्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसतात. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा आणि व्हॅलिस्नेरिया, जावा मॉस अशा पाणवनस्पती इतक्या दाट लावा की एका टोकाचा मासा दुसऱ्याला दिसू नये. दुसऱ्या जातीचे मासे नकोतच. लांब शेपटीचा गप्पी तर दोन दिवसांत बुचा होतो.

दाणे हा मासा सहसा तोंडात घेत नाही. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) वितळवून रोज एकदा द्या आणि उरलेले पिपेटनं काढा. बारीक गोगलगायी वेगळ्या बरणीत वाढवा: पफरचे दात चोचीसारखे आणि सतत वाढणारे, शंख फोडताना ते झिजतात. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) स्वस्त असले तरी रोग घेऊन येतात. खाऊनही पोट आत गेलेलं राहिलं तर बहुधा आतड्यात जंत असतात, म्हणून नवा मासा आधी वेगळ्या डब्यात ठेवून पाहावा. औषधाच्या बाटलीवर तांबं लिहिलेलं असेल तर ती परत करा. खवले नसल्यामुळे पफरला ते सोसत नाही आणि गोगलगायी तर लगेच मरतात.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. मासा हलवताना जाळीनं वर उचलू नका. घाबरला की तो फुगतो. पाण्यात असेल तर पाणी गिळून, बाहेर असेल तर हवा, आणि ती हवा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मग बुडायचं तर तो उलटा तरंगत राहतो. प्लास्टिकचा मग पाण्यात बुडवून त्यातच त्याला घ्यावं.