कोलिमाच्या काठची बिळं आणि गोठलेल्या मातीतले जिवंत जीव

सायबेरियाच्या ईशान्येला कोलिमा नावाची मोठी नदी आहे, ती उत्तरेला जाऊन आर्क्टिक समुद्राला मिळते, आणि तिच्या खालच्या टप्प्यात दुवान्नी यार म्हणून एक जागा आहे जिथे नदी वर्षानुवर्षं काठ कापत आत सरकतेय. तिथला उंच कडा दगडाचा नाही, गोठलेल्या मातीचा आहे. उन्हाळ्यात ऊन लागलं की तो वितळून ढासळतो, मग त्यातून मॅमथची हाडं बाहेर पडतात आणि कधीकधी हिमयुगातल्या खारींची बिळं पण उघडी पडतात. या जमिनीवर राहणाऱ्या खारी, हिवाळ्यासाठी बिळात बिया साठवून ठेवायच्या. वरून वाऱ्याने धूळ येऊन बसत गेली, बिळं खाली गेली, गोठली, आणि नंतर हजारो वर्षं वितळलीच नाहीत.

मला या सगळ्या विषयात ही बिळंच सगळ्यात भारी वाटतात, कारण त्यातून काय काय निघालंय बघा. २०१२ मध्ये स्वेतलाना याशिना आणि डेव्हिड गिलिचिन्स्की यांच्या टीमने अशाच बिळातल्या जवळपास ३२,००० वर्षं जुन्या फळांच्या पेशींपासून सायलीन स्टेनोफिला नावाची रोपं वाढवली, त्यांना पांढरी फुलं आली, बिया पण धरल्या. आणि दुसऱ्या एका बिळातल्या मातीतून निघाले कृमी. म्हणजे साधे सूत्रकृमी, आपल्या शेतातल्या मातीत असतात त्याच गटातले, जेमतेम मिलिमीटरभर लांब. नमुना लॅबमध्ये आणून वितळवला, खायला मिळेल अशा प्लेटवर ठेवला, आणि काही आठवड्यांत ते वळवळायला लागले!

त्यांचा सविस्तर अभ्यास २०२३ मध्ये आला. बिळातल्या वनस्पतींच्या अवशेषांचं रेडिओकार्बन पद्धतीने वय काढलं तर सुमारे ४६,००० वर्षं निघालं. प्रजाती नवीन होती, नाव दिलं पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस. सगळ्या माद्या, नराशिवायच अंडी घालतात, त्यामुळे मूळचे कृमी कधीच मेले तरी त्यांची वंशावळ लॅबमध्ये चालू आहे. गोठताना सगळ्यात मोठा धोका पाण्याचाच असतो, बर्फाचे स्फटिक पेशीचं आवरण फाडून टाकतात. हे कृमी आधी हळूहळू थोडे सुकले की अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर बनवतात आणि ती पेशीतल्या नाजूक भागांना सांभाळून धरते. या अभ्यासाच्या टीमने प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या सी. एलिगन्स कृमीच्या अळ्या तशाच हलक्या सुकवून उणे ८० अंशांत ठेवल्या तर त्याही ४८० दिवस टिकल्या, म्हणजे ही युक्ती एकट्या सायबेरियातल्या कृमीची नाही.

आता शंका येणारच की हे कृमी खरंच जुने कशावरून, आजच्या मातीतले शिरले नसतील का. काही शास्त्रज्ञांनी ही शंका जाहीरपणे घेतली आहे, आणि ती घ्यायलाच पाहिजे, कारण बिळातल्या गवताचं वय म्हणजे आपोआप कृमीचं वय होत नाही. म्हणूनच या कामात ड्रिलिंग करताना पाणी किंवा चिखल वापरत नाहीत, ड्रिलला मुद्दाम ओळखीचे जिवाणू लावतात आणि ते नमुन्याच्या आत पोचलेत का ते तपासतात, वरचा थर खरवडून काढतात आणि गाभ्यातलीच माती घेतात. एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे, घट्ट गोठलेल्या मातीतून पाणी झिरपत नाही, त्यामुळे वरचं खाली जायला फारसा मार्गच नसतो.

पण खरी कमाल जिवाणूंची आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. गोठलेली जमीन म्हणजे आत सगळं पाणी बर्फ झालंय असं आपल्याला वाटतं, तसं नसतं. उणे १० अंशांतसुद्धा मातीच्या कणांना चिकटून खारट पाण्याचा अगदी पातळ, नॅनोमीटरमध्ये मोजावा असा पापुद्रा द्रवरूपात राहतो, आणि जिवाणू त्यात राहतात. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या अशा जमिनीत प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस नावाचा जिवाणू सापडला, तो उणे १५ अंशांत चक्क वाढतो, एकाचे दोन व्हायला साधारण ५० दिवस लागतात पण होतात.

इथे एक गंमत आहे. आपल्याला वाटेल की सगळं बंद करून कडक कवचात गाढ झोपणारे बीजाणूच (काही जिवाणूंचं झोपेतलं रूप) सगळ्यात जास्त टिकत असतील. पण मातीत पोटॅशियम, युरेनियम, थोरियम असतं, त्यातून अगदी बारीक किरणोत्सर्ग सतत चालू असतो, आणि हजारो लाखो वर्षांत त्याने डीएनए तुटत जातो. गाढ झोपलेल्याला तो दुरुस्त करता येत नाही. २००७ मध्ये सायबेरिया, कॅनडा आणि अंटार्क्टिकातले नमुने तपासले तर सर्वांत जुन्या, पाच लाख वर्षांपर्यंतच्या मातीत लांब, धड डीएनए मिळाला तो बीजाणू बनवणाऱ्यांचा नव्हता, तर अगदी मंद का होईना श्वास चालू ठेवून डीएनएची डागडुजी करत राहणाऱ्यांचा होता! मला विचाराल तर गोठलेल्या मातीतला सगळ्यात मोठा शोध हाच आहे, आणि मंगळावर जीव शोधायचे तर हाच मुद्दा आधी बघावा लागतो, कारण तिथे पृष्ठभागावर किरणोत्सर्ग कितीतरी जास्त आहे.

बातम्या मात्र व्हायरसच्याच येतात. २०१४ मध्ये फ्रान्सच्या जाँ-मिशेल क्लावेरी आणि शांताल आबेर्जेल यांनी ३०,००० वर्षं जुन्या मातीतून पिथोव्हायरस जिवंत केला, तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसेल इतका मोठा आहे, पण तो फक्त अमिबाला लागतो. त्यांनी सुरक्षेसाठी मुद्दामच अमिबा वापरला होता. माणसाचे सगळे व्हायरस असे टिकत नाहीत. अलास्काच्या ब्रेव्हिग मिशनला गोठलेल्या कबरीतून १९९७ मध्ये जोहान हल्टिन यांनी १९१८ च्या फ्लूने गेलेल्या बाईच्या फुप्फुसाचा नमुना काढला, त्यात व्हायरसचे जनुकीय तुकडे मिळाले, जिवंत व्हायरस नाही. अँथ्रॅक्सची गोष्ट वेगळी, तो व्हायरस नाही, जिवाणूचा रोग आहे, आणि तो जिवाणू बीजाणू बनवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात सायबेरियाच्या यामाल भागात पारा ३५ अंशांपर्यंत गेला, गोठलेली जमीन वितळली, अँथ्रॅक्सची साथ पसरली, दोन हजारांवर रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला. तिथे रेनडियरना लस देणं २००७ मध्ये बंद केलं होतं. हे टाळता येण्यासारखं होतं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि जे रोजचं, मोठं काम चालू आहे ते कुठल्याच साथीचं नाही. उत्तरेकडच्या अशा सगळ्या गोठलेल्या जमिनीत मिळून साधारण १,५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की जिवाणूंना हजारो वर्षांची मुळं, पानं, गवत एकदम खायला मिळतं. गोव्यात वास्कोला जे राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे त्याचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर आहे, तिथली जमीनही अशीच गोठलेली, तेव्हा मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या आपल्या पोरांनी हा विषय लांबचा समजू नये. माती वितळून कोरडी राहिली तर जिवाणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाणी साचून ऑक्सिजन संपला तर मिथेन बनवणाऱ्यांची चलती होते, आणि मिथेन उष्णता कितीतरी जास्त धरून ठेवतो. त्यामुळे खाली बर्फाच्या पाचरी (जमिनीत उभे शिरलेले बर्फाचे जाड पट्टे) कुठे आणि किती जाड आहेत हे मोजत बसावं लागतं, कारण त्या वितळल्या की जमीन खचते आणि तिथेच तळं होतं.